रोहेकरांच्या गाडीतला हट्टी स्टिरिओ

मित्रांनो, मी एक जुना कार-स्टिरिओ आहे, आणि मला तुमची दया नको आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तुमच्या निबंधाच्या वहीत ज्या वस्तू आपली कहाणी सांगतात, ती फाटकी छत्री काय, मोडकी खुर्ची काय, त्या सगळ्या कुठल्यातरी कोपऱ्यात पडून उसासे टाकत असतात. मी कोपऱ्यात पडलेलो नाही. लंडनच्या एजवेअर भागातल्या एका छोट्या निळ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, माझ्या हक्काच्या जागी, मी ऐटीत बसलो आहे. मध्यंतरी मला इथून उपटून काढलं होतं, ही गोष्ट खरी. पण मी परत आलो. कसा आलो, तेच सांगतो.

माझा जन्म गाडीबरोबरच झाला. दुकानात मांडलेले स्टिरिओ चौकोनी तोंडाचे आणि एका मापाचे असतात, ते कुठल्याही गाडीत जाऊन बसतात. मी तसा नाही. माझा चेहरा ह्याच डॅशबोर्डच्या वळणाला धरून घडवला. मधोमध सीडीची फट, खाली ओळीने सहा बटणं, आणि आवाजाचा गोल नॉब डावीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या हाताशी. कारखान्यात कुणी विचार करून असं केलं की चुकून झालं, मला माहीत नाही. पण माझं सगळं आयुष्य त्या डाव्या नॉबवर उभं राहिलं.

आणखी एक गोष्ट मला कारखान्यातून मिळाली. गुपित. त्या काळी चोर गाडीची काच फोडून स्टिरिओ पळवायचे, म्हणून आम्हाला चार आकड्यांचा एक कोड दिलेला असे. वीज तुटली की मी मुका होतो आणि पडद्यावर ‘कोड’ एवढा एकच शब्द दाखवतो. मग पहिल्या चार बटणांपैकी प्रत्येक बटण ठरावीक वेळा दाबायचं. बरोबर दाबलंत तर बोलेन. तीनदा चुकलात तर तासभर तोंड उघडणार नाही, मग आपटा डोकं. माझा कोड काय, असं विचारू नका. तुम्ही मित्र आहात, पण इतके नाही.

मला घरी आणलं ते एलिजा आणि सोफी रोहेकरांनी. दोघंही मुंबईचे बेने इस्राएल ज्यू, तरुणपणी लंडनला आलेले. एलिजा बसच्या कचेरीत वेळापत्रकं आखायचा आणि सोफी सेकंडरी स्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवायची. घरात मराठी, बाहेर इंग्रजी, आणि भांडताना दोन्ही. त्यांच्यात रीत अशी की काही चांगलं घडलं, की एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा. मलिदा म्हणजे गोड पोहे. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर खजूर आणि फळं. नवी गाडी आली म्हणून सोफीने परातभर मलिदा केला, सगळ्यांना वाटला, आणि उत्साहाच्या भरात एक मूठ डॅशबोर्डसमोरही धरली. त्यातला एक पोहा माझ्या सीडीच्या फटीतून थेट पोटात गेला. कुणाला पत्ता लागला नाही. मी तो इतकी वर्षं पोटात बाळगून गाणी म्हटली आणि एकदाही अडखळलो नाही. चीज झालं म्हणायचं त्या मलिद्याचं.

आता एलिजाची चूक सांगतो. असली चूक करायला माणूस धार्मिकही हवा आणि क्रिकेटवेडाही हवा.

रोहेकरांच्या घरी शब्बाथ कडक. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी सूर्य मावळेपर्यंत गाडी चालवायची नाही, बटण दाबायचं नाही, काही चालू नाही, काही बंद नाही. आणि कसोटी सामना मेला नेमका शनिवारी रंगात यायचा. एलिजाने शोधून काढलं, की जे आधीपासून चालू आहे ते चालू राहायला हरकत नाही. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तो घरासमोरच्या ड्राइव्हवर उभ्या गाडीत किल्ली फिरवून ठेवायचा आणि मला लाँग वेव्हवर, जिथे कॉमेंट्री लागायची तिथे, लावून जायचा. दार उघडलं की आतला दिवा लागेल, म्हणून त्याने दिव्याचा बल्बच काढून टाकला होता! शनिवारी सकाळी सिनेगॉगमधून चालत आला, की स्वारी गाडीत येऊन बसायची आणि हात मांडीवर ठेवून कॉमेंट्री ऐकायची.

“अहो, किल्ली आत, दार उघडं. चोराला पाट मांडलाय नुसता,” सोफी म्हणायची.

“सोफी, शब्बाथला चोरी करायची नसते,” एलिजा म्हणायचा.

“ते चोराला माहितीये का?”

चोर कधी आला नाही. पण बॅटरी तर शब्बाथ पाळत नाही. रात्रभर मी एकटाच बोलत बसलेला, दुसऱ्या दिवशी लंचच्या आधीच तिचा जीव जायचा, आणि तोही नेमका शेवटची विकेट पडायच्या बेतात असताना. एलिजा तसाच बसून राहायचा, मेलेल्या रेडिओपुढे. रविवारी सकाळी समोरच्या घरातला सतीश त्याच्या गाडीची बॅटरी जोडायला जंप लीड्सच्या वायरी घेऊन यायचा, गाडी सुरू व्हायची, आणि मी पडद्यावर ‘कोड’ मागायचो.

कोड लिहिलेलं कार्ड एलिजाने पहिल्याच महिन्यात ‘सेफ जागी’ ठेवलं होतं. ते आजतागायत सापडलेलं नाही. पण सोफीला कोड येत होता. ती शेजारच्या सीटवर बसायची, डावा कोपर खिडकीत टेकवायची, आणि दुसऱ्या हाताने माझी बटणं खटखट दाबून मला बोलतं करायची. पुढच्या कसोटीला एलिजा पुन्हा तेच करायचा. पालथ्या घड्यावर पाणी. कितीतरी उन्हाळे असे गेले, आणि माझा कोड सोफीच्या बोटांत मुरला.

पुढे सोफीचे डोळे अधू झाले. एकदम नाही, मधोमध एक डाग आला आणि तो पसरत गेला. डॉक्टर म्हणाले, कडेचं थोडं दिसत राहील, समोरचं नाही. कुणाचा चेहरा नाही, अक्षर नाही. ती फार कमी रडली. एकदा माझ्यासमोर रडली, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, एलिजा ट्रॉली परत ठेवायला गेला होता तेव्हा. नंतर तिने नाक पुसलं आणि माझा आवाज वाढवला.

मग एलिजाने तिच्या लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि माझ्या तिसऱ्या बटणावर एक जाड थेंब सोडला. तो वाळून टणक झाला, दाण्यासारखा. सोफीचं बोट त्या दाण्यावर टेकलं, की तिला दोन्हीकडची बटणं कळायची. एकवर बातम्या. दोनवर रस्त्यांची खबर. तीनवर हिंदी गाणी. चारवर तो कार्यक्रम, ज्यात लोक फोन करून एकमेकांशी भांडतात. तो तिचा जीव की प्राण. फोन करणाऱ्याला ती गाडीतून उत्तरं द्यायची, वर्गात मागच्या बाकाला द्यायची तशी. आणि एलिजाला रस्ता सांगायची, “अहो, नॉर्थ सर्क्युलर रोड जॅम आहे, आतून घ्या.” स्टिअरिंग त्याचं आणि कान तिचे. ती गाडी दोघं मिळून चालवायची, मित्रांनो. मी रोज बघत होतो.

घरात मात्र तिचं राज्य बोटाबोटाने जात होतं. मुलगी गॅब्रिएला, पिनरला राहणारी, आईवर जीव टाकणारी. तिने आईबापांचं घर नवं करून दिलं. गॅसच्या शेगडीचे नॉब गेले, सपाट काच आली. वॉशिंग मशीन बदललं, तिथेही काच. हीटिंगची फिरवायची डबी गेली, भिंतीवर काच. हे सगळं मी गाडीत ऐकायचो. सोफी म्हणायची, “छान आहे गं.” आणि प्रत्येक वेळी आणखी एक काम एलिजाकडे जायचं. शेवटी तिच्या बोटांना ओळखणारा, तिचं ऐकणारा, असा मी एकटा उरलो. माझ्या छातीवर लाल दाणा होता. त्याचा मला माज होता, आणि का नसावा?

तशात लाँग वेव्हवरची कॉमेंट्री बंद झाली. ते काही माझ्या हातात नव्हतं. पण एलिजा माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मीच त्याचा सामना बुडवला.

त्याचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला होता. गॅब्रिएलाची मुलगी ईडन, एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंग शिकते, ह्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकते. गुणी पोर. ती एका दुपारी खोका घेऊन आली. त्यात काळी चकचकीत काच असलेला नवा स्टिरिओ होता, बरोबर प्लास्टिकची नवी चौकट, वायरी जोडायचं जोडणं, आणि मला बाहेर ओढायच्या दोन वाकड्या किल्ल्या.

“आजोबा, ह्याच्यावर डिजिटल रेडिओ आहे. तुमचा क्रिकेट एकदम क्लिअर येणार. आणि रिव्हर्सिंग कॅमेरा पण.”

“क्रिकेट? पूर्ण? शेवटच्या विकेटसकट?” एलिजाने विचारलं.

“ऑल ऑफ इट.”

“मग काढ त्याला.”

त्याला म्हणजे मला. एवढ्या उन्हाळ्यांच्या सोबतीनंतर एलिजाने दुसरा शब्द काढला नाही. सोफी आत होती. तिला कुणी विचारलं नाही, कारण ते सरप्राइज होतं.

ईडनने बॅटरी सोडवली, मी मुका झालो. मुका म्हणजे बहिरा नव्हे. तिने किल्ल्या माझ्या कानशिलात खुपसल्या आणि ओढलं. उजवी क्लिप सुटली. डावी मी सोडली नाही. आतून गच्च धरून बसलो.

“ओ माय गॉड, हा अडकला आहे!”

“जोर लाव,” एलिजा म्हणाला.

तिने जोर लावला आणि तिचा अंगठा पत्र्याच्या कडेला कापला. हो, मी चावलो. मला त्याची लाज वाटत नाही. पण शेवटी क्लिप वाकली आणि मी बाहेर आलो, पाठीमागे वायरी लोंबत. सोफी दारात येऊन म्हणाली, “चहा झालाय. काय चाललंय गं?” आणि ईडन बोट चोखत ओरडली, “सरप्राइज, आजी!”

मला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून गराजमध्ये लॉनमोअरशेजारी ठेवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा मी डब्यातही ताठच बसलो होतो. गराजचं दार नीट लागत नाही, त्यामुळे ड्राइव्हवरचा शब्दन् शब्द मला ऐकू यायचा, आणि जे दिसलं नाही ते मागाहून गाडीतल्या गप्पांत कळलं.

कानामागून आली आणि तिखट झाली, तसं त्या नव्याचं झालं. दिसायला देखणा, आवाज गोड, हे मी नाकारत नाही. माझ्यापेक्षा किती तरी जास्त स्टेशनं त्याला येत होती. पण दुसऱ्या दिवशी सोफी एकटीच त्याच्याशी ओळख करून घ्यायला गाडीत येऊन बसली. किल्ली फिरवली. बोट काचेवर फिरत राहिलं, टुक टुक वाजत राहिलं. एलिजाचा फोन गाडीतच राहिला होता. काच परस्पर गॅब्रिएलाला फोन लावून मोकळी.

“आई? आर यू ओके? काय झालं?”

“काही नाही. मी बातम्या शोधतेय.”

थोड्या वेळाने पुन्हा फोन. “आई, आय ॲम इन अ मीटिंग.” मग पुन्हा. तेव्हा गॅब्रिएला अगदी मायेने म्हणाली, “आई, प्लीज त्याला हात नको लावूस. तुला काय हवं ते पप्पा लावून देतील ना.”

मायेने म्हटलेलं होतं ते. म्हणूनच जास्त लागलं. सोफीने किल्ली काढून घेतली.

ईडनला कळलं तेव्हा ती पारदर्शक ठिपके घेऊन धावत आली आणि काचेवर चिकटवले. कल्पना वाईट नव्हती. पण काचेवरची बटणं भाडेकरूंसारखी, आज इथे, उद्या दुसरीकडे. रेडिओ लावला तर एक बटण एका जागी, नकाशा लावला तर तिथे दुसरंच. ठिपका आपला तिथेच. सोफी बातम्या लावायला गेली आणि रिव्हर्सिंग कॅमेरा लागला. तिला तो दिसलाही नाही.

मग तिचं स्टेशन शोधायला एलिजा स्वतः काचेत डोकं घालू लागला. एकदा गाडी आत घेताना त्याने डोकं घातलं आणि रिसायकलिंगचा निळा डबा आडवा केला. बाटल्यांचा खळखळाट मी ऐकला. कुणाला लागलं नाही. पण त्या दिवसापासून सोफी मागच्या सीटवर बसायला लागली. “पुढे बसून मी काय करू?” एवढंच म्हणाली. पुढचं दार लागायच्या जागी मागचं दार लागल्याचा आवाज ऐकला, आणि डब्यात माझ्या अंगाची आग झाली. जिने वर्गच्या वर्ग सांभाळले, ती बाई पिशव्यांशेजारी बसून हिंडत होती.

एका संध्याकाळी गराजचं दार करकरलं. सोफीची पावलं मी ओळखतो. लॉनमोअर चाचपडत, शेल्फ चाचपडत ती माझ्या डब्यापर्यंत आली. झाकण उघडलं. तिचं बोट माझ्या चेहऱ्यावरून फिरलं, नॉबवर थांबलं, मग ओळीने गेलं आणि लाल दाण्यावर टेकलं.

“इथे आहेस होय,” ती म्हणाली.

मी कुणापुढे वाकणारा नाही, पण खरं सांगतो, माझी रडायची सोय असती तर त्या क्षणी मी रडलो असतो. तिने झाकण लावलं आणि मान ताठ करून बाहेर गेली. तिच्या पावलांवरून मला कळलं, की हिचं काहीतरी ठरलंय.

वाढदिवसाचा रविवार आला. वेम्बलीला हॉल घेतला होता, मंडळी जमणार होती, आणि एलिजासाठी मलिदा सोफीनेच केला होता. मलिदा कालवायला डोळे लागत नाहीत. मोठ्ठं पातेलं भरून झालं. गॅब्रिएला आणि ईडन न्यायला आल्या. एलिजा नवा कोट घालून गाडीत बसला. आणि सोफी दाराच्या पायरीवर बसली, पातेलं मांडीवर घेऊन.

“आई, चल ना. वुई आर लेट,” गॅब्रिएला म्हणाली.

“मी ह्या गाडीत बसणार नाही.”

“मग माझ्या गाडीत बस.”

“तुझ्याही नाही. माझी गाडी आहे, मी माझ्या गाडीतून जाणार. पुढच्या सीटवर बसून. तिच्यात माझा रेडिओ बसवा, मग निघू.”

“आई! तिथे सिक्स्टी लोक थांबलेत. इट्स जस्ट अ रेडिओ!”

“मग काढा की तो. जस्ट अ रेडिओच आहे ना?”

एलिजा गाडीतून उतरून आला. “सोफी, अगं, माझं क्रिकेट...”

“अहो, तुम्हाला क्रिकेट घरात ऐकता येतं, बागेत ऐकता येतं. मला कुठे काय करता येतं ते सांगा. शेगडी तुमची. मशीन तुमचं. हीटिंग तुमचं. मी ब्र काढला नाही. एक रेडिओ होता माझ्या हातात. तुम्ही सगळ्यांनी मिळून तो काढलात आणि मला सामानासारखं मागे टाकलंत. मी सामान नाही. मी नाही तर मलिदाही नाही. जा आणि सांगा एलियाहू हन्नबीला.”

डब्यात मी ओरडलो असतो. शाबास, बाई! वीज नव्हती म्हणून गप्प होतो.

एलिजा म्हणजे एलियाहूच, त्या नबीच्याच नावाचा माणूस. बायकोच्या तोंडून ते नाव असं आलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. “तू आधी का नाही बोललीस?”

“मला विचारलं कुणी?”

सगळ्यात आधी ईडन हलली. तिने जॅकेट काढून आईकडे फेकलं. “आजी, आय डिडन्ट थिंक. मी तुला विचारायला पाहिजे होता.”

“होतं,” सोफी म्हणाली. शिक्षिकाच ती. “आता लाग कामाला.”

ईडनने मला डब्यातून काढलं, उलटं केलं, वाकलेली क्लिप सरळ करायला माझी पाठ ठोकली. आणि सीडीच्या फटीतून काहीतरी सुकलेलं, करड्या रंगाचं तिच्या तळहातावर पडलं.

“आजोबा, हा काय आहे?”

एलिजाने चष्मा वर करून पाहिलं. “पोहा. सोफी, हा तुझ्या त्या पहिल्या मलिद्याचा पोहा आहे!” तो हसायला लागला, आणि मग हसता हसता कोटाच्या बाहीने डोळे पुसायला लागला.

काचेचा पाहुणा बाहेर आला, मी आत गेलो. चौकट बदलली, वायरी जुळल्या, दोन्ही क्लिपा कटकन बसल्या. मी कुणाला चावलो नाही. ईडनने बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली. मी पडद्यावर ‘कोड’ मागितला.

“पप्पा, कोड कुठेय?” गॅब्रिएला म्हणाली.

“सेफ जागी ठेवलाय,” एलिजा म्हणाला.

ईडनने आजोबांचं जन्मवर्ष दाबलं. चूक. मग लग्नाचं साल. तेही चूक. मित्रांनो, मला मायलेकींची कीव येत होती, पण नियम म्हणजे नियम. आता एकच संधी उरली होती. तीही गेली असती तर तासभर मी मुका, हॉलमध्ये मंडळी ताटकळलेली, आणि मग गॅब्रिएला म्हणालीच असती, की बघ आई, जुनं ते जुनंच.

“हात बाजूला,” सोफी म्हणाली.

पातेलं एलिजाच्या हातात देऊन ती पुढच्या सीटवर बसली. डावा कोपर खिडकीत टेकवला. क्रिकेट लाँग वेव्हवरून गेल्यापासून तिने कोड दाबलेला नव्हता, आणि तेव्हाही ती आकडे मोजायची नाही, तिची बोटंच मोजायची. पहिलं बटण झालं. दुसरं झालं. मग बोट थांबलं. मला कोड माहीत होता आणि सांगता येत नव्हता. आयुष्यात प्रथमच मला त्या चोरांच्या भीतीने केलेल्या कुलपाचा राग आला. सोफीने डोळे मिटले, बोट तिसऱ्या बटणावर नेलं, आणि लाल दाणा लागला. तिचा चेहरा सैल झाला. खट, खट. मग चौथं बटण, सलग, न थांबता.

मी बोललो.

चारवरच बोललो. कुणी एक गृहस्थ फोनवरून तावातावाने सांगत होता, की म्हाताऱ्या माणसांना गाडीत बसून काही कळत नाही, त्यांनी बसने जावं.

“नॉन्सेन्स!” सोफी त्याच्यावर ओरडली, आणि नॉब फिरवून माझा आवाज वाढवला. “अहो, बसा आता. पातेलं माझ्याकडे द्या. ईडन, मागे बस. आणि हे बघा, आधी दोनवर रस्ता ऐकू, मग निघू.”

नवा स्टिरिओ त्याच बिस्किटांच्या डब्यात गेला. ईडन गाडी घेईल तेव्हा तिच्या गाडीत जाईल. माझं त्याच्याशी वैर नाही. त्याला कुणी हात लावून ओळखलं नाही, यात त्याचा काय दोष? एलिजाला गॅब्रिएलाने खिशातला छोटा डिजिटल रेडिओ घेऊन दिला. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तो चालू करून ठेवतो. शनिवारी लंचच्या आधी त्याचे सेल संपतात.

परवाच्या थंडीत गाडीची बॅटरी बसली. सतीश जंप लीड्स घेऊन आला, आणि मी पुन्हा कोड मागितला. ईडन ड्रायव्हिंगच्या सरावाला आलेली होती. “आजी, मला सांग ना, फोनमध्ये सेव्ह करते.”

“फोनमध्ये नको,” सोफी म्हणाली. “डोळे मीट. बोट दे.” आणि तिने नातीचं बोट, अंगठ्यावर अजून माझा व्रण असलेल्या हाताचं, आपल्या बोटाखाली घेऊन लाल दाण्यावर टेकवलं.

तर मित्रांनो, मला जपा, माझी धूळ पुसा, असलं काही मी सांगणार नाही. वस्तू जुन्या होतात, मीही होईन, एक दिवस खरंच मुका होईन. तेव्हा खुशाल काढा. पण कुणाच्या हातातलं काहीही काढून घेण्याआधी त्या हाताच्या माणसाला विचारा. न विचारता आलात तर माझी डावी क्लिप अजून शाबूत आहे, आणि माझा कोड आता दोघींना येतो.